छेद कुठे घ्यायचा?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवलं. त्यातला स्टॅटिक्स, म्हणजे स्थितिशास्त्र, हा त्यांचा जिव्हाळ्याचा भाग. पुष्कळांना हा विषय पुढच्या मोठ्या विषयांकडे जाताना चढायची एक पायरी वाटतो. पेपर सुटला की वही रद्दीत जाते. सर मात्र म्हणत, अभियंत्याचं मन घडतं ते इथेच. त्यांचं हे म्हणणं किती खरं आहे, ते आज उदाहरणांनी दाखवायचा माझा प्रयत्न आहे.

स्थितिशास्त्राचं भांडवल अगदी थोडं आहे. एका प्रतलातली कोणतीही स्थिर वस्तू घ्या. तिच्यासाठी तीनच अटी. आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य आणि कोणत्याही बिंदूभोवतीच्या मोमेंटची, म्हणजे फिरवू पाहणाऱ्या प्रभावांची, बेरीज शून्य. दहावी पास झालेल्या मुलाला ही समीकरणं सोडवता येतात. मग पहिल्या वर्षाच्या वर्गात हुशार मुलंही का अडतात? कारण समीकरण लिहिण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो कोणत्याही सूत्रात सापडत नाही. कुठली वस्तू वेगळी काढायची? तिच्याभोवती छेद कुठून न्यायचा? आणि त्या छेदावर बाहेरचं जग तिला कुठे कुठे ढकलतं, कुठे कुठे ओढतं? हे सगळं एका आकृतीत मांडलं की त्याला आपण फ्री बॉडी डायग्राम म्हणतो. ही आकृती नीट उतरली की गणित जवळजवळ संपलेलंच असतं. ती चुकली, तर पुढची सगळी बिनचूक आकडेमोड चुकीच्या उत्तराकडेच नेते.

आपल्याकडच्या मोटेपासूनच सुरुवात करू. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांनी मोट चालताना पाहिली असेल. विहिरीच्या काठावर खांब, खांबांवर चाक, चाकावरून विहिरीत उतरलेला नाडा आणि दुसऱ्या टोकाला धावेवरून खाली चालत जाणारी बैलजोडी. बैल मोट ओढताना उताराने खाली जातात आणि रिकामी मोट विहिरीत सोडताना मागे वर येतात. असं का, हे स्थितिशास्त्राला विचारू.

हिशेबापुरतं धरू या की भरलेली मोट १५० किलोंची आहे, बैलजोडी ७०० किलोंची आहे आणि धावेचा उतार १० अंशांचा आहे. चाकाचं घर्षण सध्या बाजूला ठेवू. पहिला छेद मोटेच्या वरच्या नाड्यातून घेतला, की नाड्यातला ताण कळतो: १५० किलो. दुसरा छेद बैलांभोवती. त्यांना नाडा धावेवरून वरच्या बाजूला १५० किलोंनी ओढतो. त्यांच्याच वजनाचा उताराच्या दिशेतला भाग त्यांना खाली ओढतो, तो ७०० च्या सुमारे १७ टक्के, म्हणजे १२० किलोंच्या आसपास. उरले तीसेक किलो, तेवढाच जोर त्यांच्या खुरांनी मातीवर लावायचा. सपाट जमिनीवर हीच मोट ओढायला खुरांना पूर्ण १५० किलोंचा जोर लागला असता. धाव खोदणाऱ्या शेतकऱ्याने बैलाचं वजनच कामाला लावलं. अर्थात हे फुकट मिळत नाही. ते वजन दर खेपेला बैलांनी स्वतःच मागे वर नेलेलं असतं. कोणतंही साधं यंत्र श्रम नाहीसे करत नाही. ते सोसवतील अशा वेळी आणि सोसवतील अशा रीतीने वाटून देतं.

आता तिसरा छेद चाकाभोवती. नवशिक्या विद्यार्थ्याला विचारलं की खांबांवर किती भार, तर तो पटकन म्हणतो १५० किलो. पण चाक वेगळं काढलं की त्याच्यावर दोन ओढी दिसतात. एक सरळ खाली विहिरीत, दुसरी धावेला समांतर, बैलांकडे. दोन्ही दीडशेच्या. दोहोंमधला कोन ८० अंशांचा. त्यांची एकत्रित ओढ भरते सुमारे २३० किलो आणि ती उभ्या रेषेपासून ४० अंश धावेकडे कललेली असते. म्हणजे खांबांना खाली दाबणारा भार तर आहेच, पण त्यांना बैलांच्या बाजूला ओढणारा जवळजवळ १५० किलोंचा आडवा भारही आहे. खांब नुसते जाड करून भागत नाही. ते त्या आडव्या ओढीविरुद्धही पक्के रोवलेले हवेत. एकाच यंत्रात तीन छेद घेतले आणि तीन वेगळ्या प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं मिळाली. जिथे छेद घेतला नसता, तिथलं बल दिसलंच नसतं.

हीच गोष्ट छपराच्या कैचीत. दोन तिरके वासे आणि त्यांची खालची टोकं जोडणारी आडवी तुळई असा साधा त्रिकोण घ्या. शेंड्यावर १००० किलोंचा भार धरा आणि वाशांचा उतार ३० अंशांचा. शेंड्याचा सांधा वेगळा काढला की प्रत्येक वाशात १००० किलोंचा दाब निघतो. मग खालचा सांधा वेगळा काढला की आडव्या तुळईत ८६६ किलोंचा ताण निघतो. आता उंची वाचवण्यासाठी उतार १० अंशांवर आणला, तर वाशांतला दाब सुमारे २८८० किलोंवर जातो आणि तुळईतला ताण २८०० च्या पलीकडे, म्हणजे आधीच्या सव्वातीन पट. भार तोच आहे, रुंदी तीच आहे. बदलला तो फक्त कोन. सपाट छप्पर दिसायला सौम्य असलं तरी आतून फार ताणलेलं असतं.

ती आडवी तुळई खालून पाहणाऱ्याला निरुपयोगी वाटू शकते. माळ्यावर उभं राहायला जागा हवी म्हणून कुणी ती कापून टाकायची ठरवली, तर छप्पर त्याच क्षणी कोसळेल असं नाही. पण तुळईतला तो ८६६ किलोंचा ताण कुठेतरी जाणारच. तो दोन्ही भिंतींच्या माथ्यांना बाहेर ढकलू लागतो. विटांची भिंत उभा भार हसत पेलते, आडव्या रेट्याला मात्र ती दुबळी असते. तुळई कापण्याआधी तिच्या टोकाशी एक छेद घेऊन पाहिला असता, तर भिंतीवर येणारं संकट कागदावरच दिसलं असतं.

मोठ्या कैच्यांसाठी जर्मन अभियंते ऑगस्ट रिटर यांनी एकोणिसाव्या शतकात जी रीत रूढ केली, तिचं मर्म हेच. सांध्यामागून सांधा सोडवत बसण्याऐवजी कैची सरळ आडवी कापा. छेद तीन अवयवांतून जाऊ द्या. त्यांतले दोन जिथे मिळतात त्या बिंदूभोवती मोमेंट घ्या, म्हणजे त्या दोघांचं काहीच उरत नाही आणि तिसऱ्यातलं बल एका ओळीत हाती येतं. यात बीजगणित फारसं नाही. योग्य जागी कापण्याची आणि योग्य जागी उभं राहून पाहण्याची ही कला आहे.

पण समतोलाच्या अटी केव्हा अपुऱ्या पडतात, हेही या विषयाने शिकवलं पाहिजे. गॅलिलिओच्या १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दोन नव्या विज्ञानां'वरच्या ग्रंथात एका संगमरवरी खांबाची हकीकत आहे. तो लांबलचक खांब दोन्ही टोकांजवळ एकेका लाकडी ओंडक्यावर आडवा ठेवला होता. मध्ये आणखी एक आधार दिला तर तो अधिक सुरक्षित राहील असं एका कारागिराला वाटलं आणि सर्वांनी ते मान्य केलं. काही महिन्यांनी खांब बरोबर त्या मधल्या आधारावरच तडकून मोडलेला आढळला. टोकाचा एक ओंडका कुजून खाली बसला होता आणि मधला मात्र घट्ट राहिला होता.

या गोष्टीचा हिशेब करून पाहा. दोन आधारांवर ठेवलेल्या सारख्या जाडीच्या खांबाचा निम्मा निम्मा भार दोन्हींवर ठरलेला असतो. एक आधार थोडा खचला तरी खांब त्याच्याबरोबर कलतो, वाटणी बदलत नाही. तिसरा आधार आला की अज्ञात बलं तीन झाली आणि उपयोगी समीकरणं दोनच उरली. आता वाटणी ठरते ती आधारांच्या कमीअधिक मऊपणावरून आणि खचण्यावरून. टोकाचा ओंडका पूर्ण निकामी झाला, तर मधल्या आधाराभोवती मोमेंट घेऊन पाहा: दुसऱ्या टोकावर शून्य भार, सगळं वजन मधल्या एकट्यावर आणि अर्धा खांब अधांतरी. आधार वाढवला म्हणजे सुरक्षितता वाढलीच, ही समजूत किती फसवी आहे, हे गॅलिलिओने जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. म्हणून वर्गात पहिली सवय लावायची ती अज्ञातं मोजण्याची. आकृती काढली की आधी अज्ञातं मोजा, मग समीकरणं मोजा. ती जुळत नसतील तर पुढे जायची घाई करू नका. पदार्थ किती वाकतो, किती दबतो, हे आता विचारावं लागणार.

आता घर्षणाविषयी. हे बल दिशा बदलतं, म्हणून त्याच्यापाशी विद्यार्थी हमखास अडखळतो. ट्रकचं चाक बदलताना वापरतात तो स्क्रू जॅक घ्या. स्क्रूचा आटा उलगडला तर तो एक चढ असतो आणि भार त्या चढावरून वर सरकवायचा असतो. उचलताना घर्षण खालच्या बाजूला ओढतं, आपल्या विरोधात. हात सोडला की भार खाली घसरू पाहतो आणि तेच घर्षण आता वरच्या बाजूला, आपल्या मदतीला उभं राहतं. एकाच जॅकच्या दोन वेगळ्या आकृत्या काढाव्या लागतात. आट्याचा चढ घर्षणकोनापेक्षा, म्हणजे ज्या चढावर भार आपोआप घसरू लागतो त्या कोनापेक्षा, कमी असेल, तर जॅक आपोआप खाली येत नाही. घर्षणगुणांक ०.१५ धरला तर घर्षणकोन साडेआठ अंशांचा. आट्याचा चढ ५ अंशांचा ठेवला तर जॅक जागेवर राहतो, पण त्याची कार्यक्षमता भरते फक्त ३६ टक्क्यांच्या आसपास. गणित सांगतं की स्वतःहून न उतरणाऱ्या कोणत्याही स्क्रू जॅकची कार्यक्षमता ५० टक्क्यांपेक्षा कमीच राहणार. वाया गेलेला वाटणारा तो अर्ध्याहून अधिक जोर ट्रकखाली काम करणाऱ्या मेकॅनिकचा जीव राखत असतो. कार्यक्षमतेचा एकच आकडा पाहून यंत्राची लायकी ठरवणाऱ्याने ही दुसरी आकृती काढलेली नसते.

श्रोतेहो, इथपर्यंत मी कागदावरच्या चुकांविषयी बोललो. आता माणसांच्या जिवाविषयी बोलायला हवं.

१७ जुलै १९८१. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरातलं हायत रीजन्सी हॉटेल. तिथल्या उंच प्रांगणात वरच्या छताला पोलादी दांड्यांनी टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्यावरच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरचा पूल. त्या संध्याकाळी खाली नृत्याचा कार्यक्रम होता, गर्दी मोठी होती. वरचा पूल सुटला, खालच्यावर आदळला आणि दोन्ही गर्दीवर कोसळले. ११४ माणसं मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

मूळ आराखड्यात एकच लांब दांडा छतापासून निघून वरच्या पुलाच्या तुळईतून जात खालच्या पुलापर्यंत पोचत होता. प्रत्येक पुलाची तुळई आपापल्या नटावर टेकलेली. पण वरच्या तुळईखाली नट बसवायचा तर दांड्याला खालून पार तिथपर्यंत आटे पाडावे लागणार. हे गैरसोयीचं म्हणून एका दांड्याचे दोन केले. छतापासून वरच्या पुलापर्यंत एक आणि वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत, थोडा बाजूला, दुसरा. नकाशावर बदल एवढासाच.

आता वरच्या पुलाच्या तुळईखालच्या त्या एका नटाभोवती छेद घ्या. एका टांगणीवर येणारा प्रत्येक पुलाचा वाटा १ धरा. मूळ आराखड्यात दांड्याच्या वरच्या भागात ताण २, खालच्या भागात १. नटावर फरकाचा भार, म्हणजे १. खालच्या पुलाचं वजन दांड्यातूनच वर जातं, वरच्या तुळईला ते ठाऊकही नसतं. बदललेल्या आराखड्यात खालचा दांडा वरच्या तुळईलाच लटकतो. तुळई स्वतःचा १ आणि खालचा १ असे २ त्या नटावर टाकते. नटावरचा भार दुप्पट. यासाठी संगणक लागत नाही, तीन समीकरणंही लागत नाहीत. एका उभ्या बेरजेचा हा हिशेब आहे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातला. चौकशीत असंही आढळलं की मूळ जोडणीसुद्धा स्थानिक बांधकाम नियमांना हव्या असलेल्या किमान क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच होती. बदलानंतर ती त्याच्याही निम्म्यावर आली. जबाबदार अभियंत्यांचे परवाने पुढे रद्द झाले.

या घटनेकडे मी वारंवार वळतो, कारण तिथे ज्ञान अपुरं पडलं नाही. त्या कामाशी संबंधित प्रत्येक अभियंत्याला हे गणित येत होतं. फक्त त्या नटाभोवती कुणी छेद घेतला नाही. पोलादी काम करणाऱ्या कारखान्याला वाटलं आराखडा बनवणारे पाहतील, आराखडा बनवणाऱ्यांना वाटलं कारखान्याने पाहिलं असेल आणि जोडणी दोघांच्या मधल्या जागेत राहून गेली. बलं मात्र कुणाच्या समजुतीसाठी थांबत नाहीत.

दूरच्या देशाचं उदाहरण म्हणून हे बाजूला ठेवता येणार नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात एक जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. तो फलक सुमारे १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फूट होती. लांबी-उंची तिप्पट झाली एवढंच यातून ऐकू येतं. पण फलकाच्या पायाशी छेद घ्या. वाऱ्याचा वेग तोच धरला तर वाऱ्याचं बल क्षेत्रफळाबरोबर वाढतं, म्हणजे नऊपट. फलक त्याच प्रमाणात उंच उभा केला तर ते बल पायापासून तिप्पट उंचीवर लागतं. उलथवणारा मोमेंट होतो सत्तावीस पट. तीन आणि सत्तावीस यांच्यातलं अंतर ज्याला कळतं, त्याला मर्यादेचा नियम हा कागदी अडसर वाटणार नाही.

मग आपण काय करायचं? सरांच्या नावाने बोलायला उभा राहिलो आहे, म्हणून शिक्षणापासून सुरुवात करतो. आपल्या विद्यार्थ्याला पुस्तकाच्या मागचं उत्तर जुळलं की गणित सुटल्यासारखं वाटतं. त्याला आपण तसं वाटू देतो, कारण तपासायला उत्तर सोपं असतं. माझं मत असं की स्थितिशास्त्राच्या पेपरात निम्मे गुण आकृतीला असावेत: वेगळी काढलेली वस्तू, तिच्यावरचं प्रत्येक बल, त्याची दिशा, त्याचा लागण्याचा बिंदू. एखादं बल सुटलं आणि उत्तर योगायोगाने बरोबर आलं, तर त्या उत्तराला शून्य. उत्तर आलं की विद्यार्थ्याने ते दुसऱ्या एखाद्या बिंदूभोवती मोमेंट घेऊन पडताळावं आणि मग स्वतःला विचारावं की भार दुप्पट केला, कोन बदलला, तर हे उत्तर ज्या बाजूला सरकायला हवं त्या बाजूला सरकतं का. या सवयीला जास्तीची दहा मिनिटं लागतात. ती अभ्यासक्रमात सापडलीच पाहिजेत.

दुसरं, हा विषय फक्त पदवीच्या वर्गात कोंडून चालणार नाही. आयटीआयमधला वेल्डर, साइटवरचा सुपरवायझर, परांची बांधणारा, जाहिरातफलकाचा सांगाडा जोडणारा फॅब्रिकेटर, या सगळ्यांच्या हातून बलं जातात. त्यांना त्रिकोणमिती शिकवायची गरज नाही. एखादी जोडणी कुणाचा भार घेते आणि तो कुणाकडे देते, एवढं रेखाटायला शिकवता येतं, मराठीत शिकवता येतं आणि ते शिकलेला माणूस चुकीचा बदल पाहून थांबतो.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं. बांधकामात बदल होणारच. माल मिळत नाही, वेळ कमी असतो, जुळवाजुळव अडते. बदल करणं हा गुन्हा नाही. पण बदलाला मंजुरी देणाऱ्या कागदावर बदललेल्या जोडणीची फ्री बॉडी डायग्राम काढलेली असलीच पाहिजे आणि सही करणाऱ्याने ती स्वतः काढलेली असली पाहिजे. आकृती नसेल तर सही नाही. हा नियम पाळायला सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. या सभागृहात बसलेला प्रत्येक अभियंता, प्रत्येक कंत्राटदार, प्रत्येक शिक्षक तो उद्या सकाळपासून स्वतःपुरता लागू करू शकतो. तो त्यांनी करावा, एवढी विनंती करतो.